एक दिवस हॉस्पिटलचा, वीस दिवस घरचे

भांडुपच्या एका ताईंनी विचारलंय: यजमानांचं वय ५२. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. जूनपासून परळला केमो सुरू होतेय. दर तीन आठवड्यांनी एक सलाइन, त्यानंतर चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ गोळ्या, मग आठवडाभर सुट्टी, अशा आठ फेऱ्या. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगी बारावीला. सासूबाई काढे द्या म्हणतात, दीर म्हणतात जेवण बंद करून फक्त ज्यूस द्या. "घरी मी नेमकं काय करायचं आणि पैशाचं कुठे विचारायचं?"

ताई, मी केमोच्या डे-केअरमध्ये सव्वीस वर्षं परिचारिका होते. आता घरोघरी जाऊन शुश्रूषा शिकवते. तुमच्या फेरीतल्या एकवीस दिवसांपैकी एक दिवस हॉस्पिटलचा आहे. बाकीचे वीस दिवस तुमच्या स्वयंपाकघरात आणि तुमच्या जिन्यात जाणार आहेत. रात्री दोन वाजता काही झालं तर काय करायचं, हे तेव्हा ठरवत बसायची वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितेय. तुम्ही सांगितलंत त्यावरून सलाइन ऑक्सॅलिप्लॅटिनचं आणि गोळ्या कॅपेसिटाबिनच्या दिसतात. फाईलमध्ये नावं एकदा तपासून घ्या. डोस किती, कधी कमी करायचा, कधी थांबवायचा हे तुमचे डॉक्टर ठरवतील.

सगळ्यात आधी ताप. आजच डिजिटल थर्मामीटर आणा, दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि तेव्हा साधा जंतूसुद्धा काही तासांत रक्तात पसरू शकतो. काखेला हात लावून "अंग थोडं गरम वाटतंय" हे माप इथे चालत नाही. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला, किंवा ताप नसताना अंगात हुडहुडी भरली, तर लगेच हॉस्पिटलच्या इमर्जन्सी नंबरवर फोन आणि निघायची तयारी. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही. त्या गोळीने आकडा खाली येतो, जंतू तिथेच राहतात. माझ्या एका पेशंटच्या मुलाने वडिलांना अशीच गोळी दिली. त्यांना घाम आला, ताप उतरला, सगळे झोपले. पहाटे बीपी इतकं पडलं की माणूस उठेना. अकरा दिवस आयसीयूत काढून ते घरी आले. मुलाची त्यात काय चूक? त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर पहिल्या केमोच्या दिवशी हे दोनदा सांगितल्याशिवाय मी एकाही घरच्या माणसाला डे-केअरमधून जाऊ दिलं नाही.

परळ गाठणं शक्य नसेल तर जवळचं चोवीस तास उघडं असलेलं कॅज्युअल्टी कोणतं, हे आत्ताच ठरवा. तुम्हाला पालिकेचं घाटकोपरचं राजावाडी जवळ पडेल. तिथे दारातच सांगा, "केमो चालू आहे, आज अमुकावा दिवस, ताप इतका." हे वाक्य एका कागदावर लिहून, खाली औषधांची नावं आणि तुमच्या डॉक्टरांच्या युनिटचा नंबर टाकून, फाईलच्या पहिल्या प्लास्टिकमध्ये ठेवा. शिरेतून अँटिबायोटिक जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. १०८ नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या, सासूबाईंच्यासुद्धा.

नोंद कशी ठेवायची? लोक मोबाइलमध्ये ॲप घेतात आणि चौथ्या दिवशी विसरतात. मला आजवर सगळ्यात उपयोगी पडलेली नोंद लालबागच्या एका बाईंची. त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये दुधाचा हिशोब लिहितात त्याच चौकोनात लिहायला सुरुवात केली होती: "अर्धा लि., ९८.६, शौच ३, गोळी दोन्ही." महिना संपला की पान फाडून फाईलला लावायच्या. ओपीडीत डॉक्टरांना दहा मिनिटं असतात. ते पान बघून त्यांना दोन मिनिटांत कळलं की जुलाब फेरीच्या दहाव्या दिवसापासून वाढतायत, आणि गोळ्यांचा डोस बदलला. तुम्हीही ताप, जुलाब, गोळ्या आणि आठवड्याचं वजन एवढंच लिहा.

आता थंडी. या सलाइनचा हा विचित्र परिणाम आधी माहीत नसेल तर माणूस फार घाबरतो. सलाइननंतर काही दिवस थंड वस्तूला हात लागला की बोटांत मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखं होतं. थंड पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा वाटतो, श्वास अडकल्याचा भास होतो. तसं झालं तर बसवा, शाल पांघरा, कोमट पाणी घोट-घोट द्या. थोड्या वेळात सुटतं. सुटलं नाही, किंवा घरघर, ओठ-चेहऱ्यावर सूज, अंगावर गांधी उठल्या तर ते वेगळं प्रकरण आहे, तडक हॉस्पिटल. निदान पहिला आठवडा फ्रीज त्यांनी उघडायचा नाही. ताक, सोलकढी सगळं घरच्या तापमानाचं. सकाळी तोंड धुवायला कोमट पाणी. शहाळं चालेल, पण गाडीवाल्याने बर्फात ठेवलेलं नको आणि समोर फोडलेलं हवं. एसी लोकल टाळा. टॅक्सीत बसताच एसी बंद करायला सांगा. हॉस्पिटलच्या एसी वॉर्डात हातमोजे, मोजे आणि कानाला रुमाल न्या.

सलाइन चालू असताना तळहाताला खाज, चेहरा लाल, छातीत कसंतरी वाटलं तर लगेच सिस्टरला हाक मारा. या औषधाची ॲलर्जी बऱ्याचदा पहिल्या फेरीत येत नाही, पाच-सहा फेऱ्या व्यवस्थित गेल्यावर येते. "आता सवय झाली" म्हणून तुम्ही खाली चहाला जाता नेमकं तेव्हा. एक दिलासाही देते. या औषधांनी केस विरळ होतात, पण सहसा पूर्ण टक्कल पडत नाही.

गोळ्यांबद्दल. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याबरोबर, दोन वेळांमध्ये साधारण बारा तास. चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायची नाही. उलटीत पडली तर पुन्हा द्यायची नाही. गोळी फोडायची नाही. तुम्ही काढून देत असाल तर नंतर हात साबणाने धुवा. सलाइननंतर दोन दिवस उलटी किंवा संडास साफ करताना हातमोजे घाला, झाकण लावून दोनदा फ्लश करा. यजमानांना आकडीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. फॉलिक ॲसिड असलेली टॉनिकं, मल्टिव्हिटॅमिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका, फॉलिक ॲसिडने या गोळ्यांचा त्रास वाढू शकतो.

तीन गोष्टींत गोळ्या थांबवून त्याच दिवशी फोन करायचा. पहिली, नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा जुलाब झाले, किंवा जुलाबासाठी रात्री झोपेतून उठावं लागलं. दुसरी, तोंड इतकं आलं की वरण-भातही गिळवेना. तिसरी, तळहात-तळपाय लाल होऊन इतके दुखायला लागले की शर्टाचं बटण लावणं, चालणं जड जातंय. छातीत दुखलं तर फोनसुद्धा नंतर, आधी कॅज्युअल्टी. "कोर्स अर्धवट राहील" या भीतीने लोक जुलाब सोसत गोळ्या घेत राहतात. त्याने आतडी सोलून निघतात आणि मग पुढच्या दोन फेऱ्या लांबतात. डॉक्टरांच्या सांगण्यावरून चार दिवस थांबवलेल्या गोळ्यांनी उपचार वाया जात नाही. काही थोड्या लोकांच्या शरीरात हे औषध मोडणारं एन्झाइमच कमी असतं, त्यांना पहिल्याच फेरीत फार त्रास होतो. त्याची रक्तचाचणी असते, सुरू होण्याआधी तिच्याबद्दल विचारा.

ओआरएसची पाकिटं घरात ठेवा. संपली तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तोंडासाठी एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा कोमट करून गुळण्या. बाजारातला झोंबणारा माउथवॉश नको. हाता-पायांना दिवसातून दोन-तीनदा साधं व्हॅसलीन, आणि भांडी या सहा महिन्यांत त्यांना घासायला लावू नका. (हौसेने मदत करणारे नवरे असतात, म्हणून सांगतेय.)

खाण्याबाबत दिरांना माझं नाव सांगून हे वाचून दाखवा. फक्त ज्यूसवर ठेवलेला माणूस महिन्याभरात अंगावरचं मांस गमावतो. वजन आणि ताकद गेली की डॉक्टरांना डोस कमी करावा लागतो, म्हणजे ज्या उपचारासाठी एवढी धडपड तोच अर्धा होतो. आतड्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ज्यूसने जुलाबही वाढतात. मऊ भात, मुगाचं वरण, पूर्ण उकडलेलं अंडं, घरी विरजलेलं ताजं दही, नीट शिजवलेला पापलेट किंवा ओला बोंबील, पनीर. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. तोंडाला लोखंडासारखी चव येते तेव्हा स्टीलचा चमचा बदलून लाकडी द्या. लिंबू पिळा, आमसुलाचं सार द्या. मळमळत असेल तेव्हा फोडणीचा वास सहन होत नाही. त्या दोन दिवसांपुरता शेजारच्या काकूंकडे स्वयंपाक हलवता आला तर फार बरं. बाहेरची चटणी, कापलेली फळं, पाणीपुरी, उसाचा रस, गोळा हे सहा महिने बंद. उकळलेला चहा पिऊ द्या, त्यावरून भांडू नका.

काढ्यांचं सांगते, आणि सासूबाईंचा मान ठेवून सांगते. त्यांना मुलासाठी काहीतरी करायचंय. पण गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले आहेत. केमोची औषधं यकृत आणि मूत्रपिंडांतून जातात. त्यात कशात काय आहे हे माहीत नसलेला काढा घातला आणि लिव्हरचे आकडे बिघडले, तर दोष केमोचा की काढ्याचा हे कोणालाच कळत नाही आणि केमो थांबते. सासूबाईंना दुसरं काम द्या: रोज दुपारी तीनची पेज त्यांच्या हातची. एका घरी मी हे सुचवलं तेव्हा त्या आजींनी घड्याळ लावून सहा महिने पेज केली, आणि काढ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता पैसे. पहिल्या सलाइनच्या आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे आणि कॅन्सरच्या केमो त्यात येतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशन कार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचा उपचाराचा कागद घेऊन त्यांना भेटा. ही योजना कॅशलेस आहे, मंजुरी आधी घ्यावी लागते. बिल भरून झाल्यावर पावत्या घेऊन गेलात तर पैसे परत मिळत नाहीत. मी कितीतरी घरं या एका माहितीअभावी दागिने गहाण ठेवताना पाहिलीत. हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आजच बघा, सगळ्यात जास्त अडतं ते तिथेच.

पुढेमागे एखाद्या मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये जावं लागलं तर ते धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे का विचारा. अशा हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, तो यायला वेळ लागतो. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधी आणि सिद्धिविनायक मंदिर न्यास यांच्याकडेही अर्ज करता येतो. दोन्हीकडे हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, ते सही-शिक्क्याचं घ्या.

यजमानांच्या पगाराच्या स्लिपवर ईएसआयसीची (कामगार राज्य विम्याची) कपात आहे का? असेल तर औषधांपलीकडेही हक्क आहे. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात, नोकरीची आणि वर्गणीची अट बसत असेल तर, ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी ईएसआयसीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, म्हणून आधी तिथे नोंद करा. आजारपणासाठी पीएफमधूनही पैसे काढता येतात. सावकाराकडे जाण्याआधी ही दारं ठोठावा.

कागदांसाठी एक जाड फाईल, तारखेनुसार. ओरिजिनल घरी, झेरॉक्स सोबत. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड (तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) कुठल्या लॅबमध्ये आहेत ते लिहून ठेवा. दुसरं मत घ्यायचं ठरलं तर डॉक्टर रिपोर्टबरोबर तेही मागतात.

प्रवास. भांडुपहून परळला स्लो लोकल. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना बसायची परवानगी आहे, हॉस्पिटलचा कागद खिशात ठेवा. कोणी हटकलं तर दाखवा, संकोच करू नका. येताना परळहूनच सुटणारी लोकल मिळाली तर बसायला जागा मिळते. सलाइनच्या दिवशी मात्र जमेल तर टॅक्सीने परता. आणि जून ते सप्टेंबर पाऊस आहे. जोराचा पाऊस पडला की हिंदमाताला पाणी भरतं, गाड्या रखडतात. रेड अलर्ट असेल तर आदल्या रात्री दादर-परळच्या नातेवाइकाकडे मुक्काम करा, नाहीतर फोन करून तारीख बदलून घ्या, एक-दोन दिवसांनी बिघडत नाही. साचलेल्या पाण्यातून त्यांना चालवू नका. लेप्टोची (अशा पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती आहे, आणि पायाला जखम असेल तर जास्तच. पाणी चार महिने उकळूनच. (कोकणातून किंवा विदर्भातून येऊन हे वाचणाऱ्यांसाठी: परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा इथे रुग्ण व नातेवाइकांच्या राहण्याची सोय होते. गर्दी असते, निघण्याआधी चौकशी करा.)

जिन्याबद्दल तुम्ही काळजीने लिहिलंत. प्रत्येक मजल्यावर शेजाऱ्यांना सांगून एक स्टूल ठेवा. उतरताना तुम्ही पुढे, चढताना मागे. पण जिन्याच्या धास्तीने त्यांना पलंगावर ठेवू नका. केमोचा थकवा झोपून जात नाही, रोज थोडं चालल्याने कमी होतो. गॅलरीत पाच मिनिटं, मग सात, मग दहा. टाक्यांची जागा, बीपी अशा छोट्या गोष्टींसाठी पालिकेचा आपला दवाखाना जवळ असेल तर तिथे जा.

भेटायला येणाऱ्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण हे येणारच. सर्दी-खोकला असलेल्याला दारातूनच परत पाठवायचा अधिकार तुम्हाला आहे, मग तो कितीही जवळचा असो. सगळ्यांना रोज फोनवर तेच तेच सांगून तुमचा जीव जाईल. ते काम एका भाच्याला द्या, तो व्हॉट्सॲपवर कळवेल. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे काम सांगा: केमोच्या मंगळवारचा डबा, रेशन, बँकेची लाइन. लोकांना खरंच करायचं असतं, काय करावं ते सुचत नाही. आठवड्यातून एक रात्र दीर किंवा नणंद त्यांच्याजवळ झोपेल आणि तुम्ही आतल्या खोलीत झोपाल, असं आजच ठरवा. सहाव्या फेरीला आजारी पडून येणाऱ्या बायका मी खूप पाहिल्यात.

मुलीपासून लपवू नका. तिला आजाराचं नाव, फेऱ्यांच्या तारखा आणि "ऑपरेशन झालंय, उरलेल्या पेशींसाठी औषध आहे" एवढं सरळ सांगा. कॅलेंडरमधली नोंद तिच्याकडे द्यायची का, ते तिलाच विचारा. काही मुलींना त्याने आधार वाटतो, काहींना ओझं. तुम्हाला किंवा यजमानांना झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल तर १४४१६ या टेलि-मानस हेल्पलाइनवर कधीही, मराठीत बोलता येतं.

आठवी फेरी झाली की घरचे पेढे वाटतात, आणि दोन महिन्यांनी माझ्याकडे येतात: "पाय आता जास्त बधिर झालेत, काहीतरी बिघडलं का?" या औषधाचा बधिरपणा शेवटच्या सलाइननंतर काही महिने वाढू शकतो, मग हळूहळू उतरतो. काहींना थोडा राहतो. त्या काळात मागे पट्टा असलेली चप्पल घाला. रोज रात्री तळवे बघा, कारण काच लागलेली कळत नाही. अंघोळीचं पाणी किती गरम ते तुमच्या हाताने तपासा. कामावर लगेच पूर्ण वेळ नको, पहिला महिना अर्धा दिवस मागून बघा. सीईए ही रक्ताची चाचणी दर तीन ते सहा महिन्यांनी असेल, मधे सीटी स्कॅन, आणि ऑपरेशननंतर साधारण वर्षभराने कोलोनोस्कोपी. यजमान बरे दिसायला लागले की हीच तपासणी राहून जाते. पुढच्या वर्षीचं कालनिर्णय घरात आलं की एप्रिलच्या पानावर आधी ती तारीख लिहा, मग दुधाचा हिशोब.